अठरा लिटर

रेडिएटर गार होता. निवेदितानं हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग हॉलमधला पाहिला, मग जिन्याखालचा, मग वर जाऊन लेकीच्या, तनूच्या रिकाम्या खोलीतला. बाराच्या बारा गार. जानेवारीतला मंगळवार होता, सकाळचे सहा वाजत होते, आणि लीड्समध्ये त्या आठवड्यात पारा शून्याच्या वर आलाच नव्हता. ती ड्रेसिंग गाऊनवर शाल गुंडाळून जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली. विनय घर सोडून गेला त्याला अकरा दिवस झाले होते. या अकरा दिवसांत तिनं स्वतःला बजावलं होतं की फारसं काही बदललेलं नाही. हॉस्पिटलची लॅब तीच, रक्ताचे नमुने तेच, संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्याही त्याच. फक्त एका माणसाचं जेवण कमी. आणि आता या थंड पायरीवर तिला वाटलं, घराला कळलंय. माणसांना सांगावं लागतं, घराला आपोआप कळतं. मग तिला स्वतःचीच चीड आली, कारण असले विचार करणाऱ्यांतली ती नव्हती.

भांडण झालं नव्हतं. या घरात तसं भांडण कधीच झालं नाही. तनू शाळेत असताना मैत्रिणींना हे कौतुकानं सांगायची. एका शुक्रवारी नाश्ता झाल्यावर विनय म्हणाला होता, "मी लंडनला, वेम्बलीत राहायला जातोय. शार्दूलकडे. त्याची वरची खोली रिकामी आहे." शार्दूल त्याचा नागपूरचा, इंजिनियरिंगपासूनचा मित्र. "किती दिवस?" तिनं विचारलं. विनयनं आपला कप धुतला, पुसला, पालथा घातला. "तसं काही ठरवलेलं नाही," म्हणाला. तिला ते ठीक वाटलं होतं. मार्चमध्ये तो रिटायर झाला, दिवसभर घरात बसून माणूस कंटाळतो, जरा हवापालट होईल. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघत उभी असताना तिच्या लक्षात आलं की त्यानं तिच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं होतं. यंत्र थांबलं, हिरवा दिवा लागला, आणि ती तशीच उभी राहिली. शेजारची मुलगी म्हणाली, "निव्ही, आर यू ऑलराइट?" "हो, हो," ती मराठीतच म्हणाली.

त्याला फोन करायचा नाही असं काही तिनं ठरवलं नव्हतं, पण केला नव्हता. आता केला. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला.

"हीटिंग बंद पडलंय," ती म्हणाली.

"काटा कितीवर आहे?"

कशी आहेस नाही, काही नाही. जणू तो अकरा दिवस हाच प्रश्न हातात धरून बसला होता.

"कुठला काटा?"

विनय म्हणाला, "किचनमधलं कोपऱ्यातलं कपाट उघड. बॉयलरच्या खाली छोट्या घड्याळासारखं आहे बघ."

"शून्य."

"हं. त्याच्या मागे चंदेरी वेणी घातल्यासारखी एक नळी दिसेल. दोन्ही टोकांना काळ्या चाव्या. आधी डावी उघड, मग उजवी. हळू. काटा एकवर आला की दोन्ही बंद."

तिनं फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला आणि चाव्या फिरवल्या. आत कुठेतरी पाणी शिरलं. बारीक, लांबलेला फुसकारा. आणि निवेदिता तिथेच वाकलेली राहिली, कारण हा आवाज तिला ठाऊक होता. रोज पहाटे अर्धवट झोपेत तिनं तो ऐकला होता. खाली विनय चहासाठी किटली भरतोय असं समजून ती कूस बदलायची. कधी मनात म्हणायचीसुद्धा, एवढ्या पहाटे कशाला उठतो हा, आणि मग त्या आवाजाच्या भरवशावर पुन्हा पाऊण तास झोपायची.

"झालं?" फोनमधून विनयनं विचारलं.

"हे रोज करायचं असतं?"

"सध्या तरी. एरवी रोज थोडाच पडतो, पण या थंडीत हीटिंग सारखं चालू, म्हणजे पार शून्यावर जाणार."

"तू रोज करायचास?"

"हो."

"कधीपासून?"

"झाली असतील पाच वर्षं."

"मला कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलण्यासारखं काय आहे?" विनय म्हणाला. मग म्हणाला, "अर्ध्या तासात गरम होईल. गाऊनवर बसू नकोस, काहीतरी जाड घाल." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा शून्याला टेकला होता. तिनं पुन्हा फोन केला. तशी गरज नव्हती, चाव्या कुठल्या क्रमानं उघडायच्या ते तिला आता येत होतं. पण तिनं केला, आणि त्यानं उचलला, आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी सहाला ती कपाटासमोर उभी राहायची आणि आकडा सांगायची. "पॉइंट दोन होता. एकवर आणला." तो विचारायचा, "काल रात्री हीटिंग चालू असताना किती चढला होता?" "जवळजवळ तीन." "बाहेरच्या भिंतीवरच्या पाइपातून पाणी गळतंय?" ती दार उघडून काळोखात टॉर्च मारून यायची. "गळतंय. खाली बर्फ झालाय त्याचा." "तिथे पाय ठेवू नको नं." मग बोलणं थोडं इकडेतिकडे जायचं. ईलिंग रोडला मेथीच्या जुड्या कशा ताज्या मिळतात. शार्दूलच्या बायकोचे गुडघे. वरच्या खोलीतून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्या दिसतात आणि मोजायचं नाही म्हटलं तरी मोजल्या जातात. निवेदिता गार फरशीवर उभी राहून हे सगळं ऐकायची. गेल्या कित्येक वर्षांत विनय तिच्याशी सलग इतकं बोलला नव्हता. समोरासमोर असताना दोघांच्या मधे टीव्ही असायचा, नाहीतर जेवण, नाहीतर तनूचं काहीतरी. आता मधे फक्त एक काटा होता, आणि तो बिचारा रोज इमानदारीनं पडत होता. एका रविवारी ती गजराच्या आधीच जागी झाली आणि अंधारात तिला भीती वाटली की आज तो पडलेला नसला तर? ती धावतच खाली गेली. शून्य. तिला इतकं हायसं वाटलं की फोन लावताना तिचा आवाज हसरा झाला होता, आणि विनयनं विचारलं, "काय झालं?" "कुठे काय," ती म्हणाली.

पण दोन आठवड्यांनी विनयच म्हणाला, "हे असं चालायचं नाही. टाकी बसवायला लागेल."

"कसली टाकी?"

त्यानं समजावून सांगितलं. यंत्रांबद्दल बोलताना त्याच्या आवाजाला एक सावकाशी यायची. पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जायला जागा लागते. त्यासाठी बॉयलरच्या आत एक चपटी टाकी असते, तिच्यात मधे रबराचा पडदा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की पडदा ढकलतं, हवा दबते, निवलं की हवा त्याला परत ढकलते. तो पडदा फाटलाय. आता जागाच उरलेली नाही, म्हणून दाब चढतो, झडप उघडते, पाणी बाहेर फेकलं जातं, आणि सकाळी काटा शून्य. बॉयलर सगळा उघडण्यात अर्थ नाही. बाहेरून वेगळी एक्सपान्शन टाकी लावायची, परतीच्या, म्हणजे पाणी बॉयलरकडे परत येतं त्या पाइपावर.

"मग इतकी वर्षं का नाही लावलीस?"

त्याच्या मागून गाडी गेल्याचा आवाज आला. "चाललं होतं की," म्हणाला.

"मी बघते कोणी प्लंबर मिळतो का."

"नको. मी येतो शनिवारी. तू फक्त टाकी आणून ठेव."

पुढचं तिनं ऐकलं, पण ते ऐकण्यात काही जीव नव्हता. मी येतो, एवढंच तिला ऐकू आलं होतं. कुठली टाकी, किती मोठी, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दुकानात विचार. रेडिएटर किती ते सांगितलं की ते सांगतील. तू आकड्यांत कधी चुकत नाहीस."

गुरुवारी हॉस्पिटलमधून लवकर निघून ती रिंगरोडपलीकडच्या प्लंबिंगच्या दुकानात गेली. काउंटरमागे तिच्याच वयाची एक बाई होती, गळ्यात चष्म्याची साखळी, बोटं मळकी. निवेदितानं सांगितलं, तीन बेडरूमचं घर, बारा रेडिएटर. बाईनं मागच्या फळीवरच्या टाक्या दाखवल्या. पांढऱ्या प्यायच्या पाण्याच्या, लाल हीटिंगच्या. त्यात गफलत करायची नाही. लालमध्ये आठ लिटर, बारा, अठरा. "तुम्हाला अठरा, लव्ह," ती इथल्या रीतीनं म्हणाली. "बारा ओढूनताणून चालेल. आठ फ्लॅटसाठी असते. तुमच्या घरात आठ लावलीत तर दोन-चार आठवडे बरं वाटेल, मग पुन्हा रडगाणं." निवेदिता थँक यू म्हणून, जरा फोन करून येते असं सांगून बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं. एकोणतीस वर्षं ती लॅबमध्ये होती. एकोणतीस वर्षांत तिनं जाणूनबुजून एकही चुकीचा आकडा पुढे पाठवला नव्हता. एकदा, तनू सात वर्षांची असताना, कोणाच्या तरी पोटॅशियमचा आकडा मनाला पटेना म्हणून तिनं तीनदा पुन्हा चाचणी केली होती, आणि तनू शाळेच्या फाटकाशी पाऊण तास एकटी उभी होती. आकडा बरोबरच निघाला होता. हे तनू अजून सांगते, हसत हसत. निवेदितानं गाडीत बसून आठ लिटरचा विचार केला. दोन-चार आठवडे. मग काटा पडेल. मग सकाळी सहाला फोन. मग पुन्हा एखादा शनिवार. हे सगळं तिनं एखाद्या साध्या बेरजेसारखं मनात केलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली नाही. फक्त कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती परत आत गेली आणि म्हणाली, "आठची द्या."

बाईनं चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"घर तुमचं आहे, लव्ह," बाई म्हणाली आणि टाकी काउंटरवर ठेवली. ती इतकी हलकी होती की निवेदिताला उचलताना दचकायला झालं.

शुक्रवारी संध्याकाळी ब्रिस्टलहून तनूचा फोन आला. "आई, बाबा येते ना उद्या? दॅट्स गुड. घर गरम झाला की मला सांग." तिचं मराठी असंच होतं, सगळ्या शब्दांची लिंगं सांडलेली, पण आज त्या सांडण्यात निवेदिताला काहीतरी आशादायक वाटलं. तिनं साबुदाणा भिजवला. विनयच्या बाजूच्या उशीचा अभ्रा बदलला, मग तो उघडच बदललेला दिसतोय म्हणून आपल्याही उशीचा बदलला.

शनिवारी साडेदहाला बेल वाजली. त्याच्याकडे किल्ली होती, तरी बेल वाजली. दार उघडलं तर विनय उभा होता, कानटोपी, नाक लाल, आणि त्याच्या मागे चाकांची मोठी निळी सूटकेस. नागपूरला जाताना ते नेत असत ती. निवेदितानं आधी सूटकेसकडेच पाहिलं. जाताना तो पाठीवरच्या पिशवीनिशी गेला होता. ही सूटकेस नंतर शार्दूल गाडीनं आला तेव्हा बाकीच्या कपड्यांसाठी घेऊन गेला होता. ती परत आली होती. भरलेली. उंबऱ्यावरून आत घेताना चाकं जड वाजली. "ये," ती म्हणाली. आणखी काही म्हणायला गेली असती तर रडू आलं असतं. तिनं सूटकेस जिन्याकडे वळवायला हात घातला, वर न्यायची म्हणून, आणि विनय म्हणाला, "नाही, इकडे. किचनमध्ये."

त्यानं फरशीवर सूटकेस आडवी केली आणि चेन उघडली. आत एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेली लाल टाकी होती. भोवती पाने, पाइप कापायचं चाक, पितळी जोड, सायकलचा पंप, कोन असलेली लोखंडी पट्टी. कपडा एकही नव्हता. टाकीवरच्या लेबलवर आकडा स्पष्ट होता. अठरा.

"मी आणली होती नं," निवेदिता म्हणाली.

"कुठे आहे?"

तिनं कपाटाशेजारी ठेवलेली टाकी दाखवली. विनयनं ती उचलली, फिरवली, लेबल वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. हेच तिला सहन झालं नाही. त्यानं टाकी होती तशी परत ठेवली, जपून, आवाज न करता. "ही परत देऊन टाक," म्हणाला. "घेतील ते."

"दुकानातल्या बाईनं—" ती बोलू लागली.

"राहू दे नं," विनय म्हणाला. तो शब्द इतका हळू होता की तिनं वाक्य पुरं केलं नाही.

मग काम सुरू झालं. आधी घरातलं सगळं पाणी काढायचं होतं. मागच्या दाराशी खालच्या रेडिएटरला त्यानं नळी लावली आणि तिला बादली धरायला सांगितली. पहिलं पाणी आलं ते काळं होतं. शाईसारखं काळं, आणि त्याला गंजलेल्या खिळ्यांचा वास. एक बादली भरली, दुसरी भरली. तिसऱ्या बादलीच्या तळाशी बारीक काळा गाळ बसला होता, बोटांत घेतला तर मऊ.

"हे काय आहे?"

"लोखंड," विनय म्हणाला. "रेडिएटरचं. बंद पाण्यात हवा नसते, म्हणून ते गंजत नाही. पण रोज नवं पाणी घातलं की नवी हवा आत जाते. आतून खाते."

"म्हणजे रोज सकाळी—"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"रोज घालताना माहीत होतं." तो बादली उचलून बाहेर गेला आणि मोरीत ओतून आला. हात पुसत म्हणाला, "पत्रा किती उरलाय सांगता येत नाही. अजून दोन वर्षं जातील, पाच जातील. एखादा फुटला तर तो बदलून घे. सगळे एकदम नाही फुटणार."

परतीचा पाइप कापताना तो फरशीवर कुशीवर झोपला होता आणि ती टॉर्च धरून गुडघ्यावर बसली होती. चाक पाइपाभोवती फिरत होतं, करकर, करकर. त्याच्या मानेवर केस वाढले होते. शार्दूलच्या बायकोनं तरी सांगायला हवं होतं, कापून घे म्हणून. इतक्या जवळून तिनं त्याची मान कधी पाहिली होती? पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी तिला आठवला, बोलावल्यासारखा. याच किचनमध्ये विनय लॅपटॉप उघडून बसला होता. नागपूरला त्याची आई हॉस्पिटलमध्ये, ऑक्सिजनवर. विमानं नुकती पुन्हा सुरू झाली होती, मोजकीच. चाचण्या, सह्या, उतरल्यावर सात दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं. निवेदिता लॅबमधून बारा तासांनी घरी आली होती. नाकावर मास्कचे वळ. दिवसभर तिनं जे आकडे पाहिले होते त्यांवरून वयस्कर माणसांचं काय होतं हे तिला पाठ झालं होतं. ती उभ्याउभ्याच म्हणाली होती, "जाऊन काय करणार आहेस? सात दिवस कोंडूनच जातील. तू पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल." विनयनं तिच्याकडे पाहिलं होतं. मग लॅपटॉप मिटला होता. बस. त्यानंतर त्या दोघांत या विषयावर एक शब्दही झाला नव्हता.

"विनय," ती म्हणाली, "आईंच्या वेळी मी—"

चाक थांबलं नाही. "टॉर्च जरा खाली."

तिनं खाली केली. पाइप तुटला. त्यानं कडा घासली, नट सरकवला, पितळी जोड बसवला, आणि मग झोपल्याझोपल्याच, वर न बघता म्हणाला, "आई बारा दिवस होती."

"काय?"

"तू सात म्हणाली होतीस. ती बारा दिवस होती. शेवटचे तीन दिवस चांगली शुद्धीत होती. देवयानीनं सांगितलं." देवयानी त्याची बहीण. "विचारायची म्हणे, विनू निघाला का."

निवेदितानं टॉर्च फरशीवर ठेवली. "मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. आणि मग, "माझं चुकलं."

"नाही," विनय म्हणाला. "ते कोणालाच माहीत नव्हतं. तू जे बघत होतीस त्यावरून म्हणालीस. तुझं चुकलं असं मी एकदाही म्हटलं नाही, मनातसुद्धा."

"मग?"

तो उठून बसला. पाना बाजूला ठेवला. "मी ऐकलं," म्हणाला. "उठून निघून जायला हवं होतं. मी ऐकलं, आणि मला बरं वाटलं. जायला नको म्हणून बरं वाटलं, निवेदिता. ते तुझ्या आवाजात आहे. तू काहीही बोललीस, मीठ दे म्हणालीस, तरी मला ते ऐकू येतं." मग म्हणाला, "फोनवर नाही येत तितकं. आश्चर्यच आहे."

म्हणण्यासारखं जे जे होतं ते तिच्या आवाजातच म्हणावं लागणार होतं.

"तेव्हापासून झोप लागायची नाही," विनय म्हणाला. "पाचला खाली यायचो. काटा पडलेला असायचा, तो भरायचो. दुरुस्त केला असता तर सकाळी खाली येऊन काय केलं असतं?" आणि पट्टी भिंतीवर धरून त्यानं तिला पेन्सिल मागितली.

टाकी लावण्याआधी त्यानं तिच्यात सायकलच्या पंपानं हवा भरली, मोजली, थोडी सोडली, पुन्हा मोजली. मग ती पट्टीवर चढवली, नळी जोडली, प्रत्येक नट दोनदा आवळला. गंज रोखणारं औषध ओतलं. चंदेरी नळीतून पाणी भरलं, फुसकारा आला, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता तो आवाज ऐकत उभी राहिली. मग ती वर, तो खाली, असं करत त्यांनी बाराही रेडिएटरमधली कोंडलेली हवा सोडली. तनूच्या खोलीतला फुरफुरला आणि थांबला. "झालं का वर?" "झालं." या हाका घरात कशा नीट बसत होत्या! तेवढ्या दहा मिनिटांत कोणी बाहेरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे एक जोडपं राहतं. बॉयलर सुरू झाला. काटा एकवरून चढला, दीडला आला, आणि तिथेच राहिला. विनयनं बोटाच्या पेरानं टाकीवर टकटक केलं. वर पोकळ वाजलं, खाली भरीव. "घेतेय पाणी," तो म्हणाला. पहिल्यांदाच थोडासा हसला, पण ते टाकीकडे बघून.

तीन वाजता घर असं गरम झालं होतं की तिला शाल काढावी लागली. तिनं साबुदाण्याची खिचडी केली होती. त्यानं उभ्यानं चार घास खाल्ले, चांगली झालीय म्हणाला, आणि बशी धुवायला घेतली. ती म्हणाली, "ठेव नं." त्यानं धुतली. हत्यारं भरून सूटकेस उचलली, ती आता एका हातात आली.

"स्टेशनला सोडते गाडीनं."

"नको. समोर बस आहे की."

"बाहेर किती वाईट हवा आहे."

"टोपी आहे माझ्याकडे."

दारात तो थांबला. "आठवडाभर सकाळी काटा बघ. एकवर असेल. मग बघायची गरज नाही."

"फोन करू?"

विनयनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत दया होती, आणि तिला वाटलं, राग असता तर किती बरं झालं असतं. "कशाला?" तो म्हणाला. "एकवरच असणार."

ती पुढच्या खोलीच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. उजेड जायला लागला होता आणि बारीक बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला होता, तिरका, थेट थांब्याच्या आत येणारा. विनय रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर उभा राहिला. बस आली नाही. दहा मिनिटं झाली. त्यानं फलकाकडे पाहिलं, मान खाली घातली, पुन्हा पाहिलं. सूटकेसचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, कारण हातमोजे नव्हते. आणि ते तिला आता दिसत होते, हॉलमधल्या टेबलावर, तो विसरला होता. वीस मिनिटं झाली. मधे फक्त एक रस्ता होता. पलीकडून त्याला ही खिडकी, हा दिवा, हे दार, सगळं समोर दिसत असणार. तो पावसाकडे पाठ करू शकत होता, पण त्यानं घराकडे पाठ केली. पाऊस तोंडावर घेत उभा राहिला. निवेदिता हातमोजे घेऊन दारापर्यंत गेली. एक बूट घातला. मग तिला पुढचं सगळं दिसलं: ती धावत पलीकडे जाईल, तो थँक्स म्हणेल, हातमोजे घालेल, आणि ती उघड्या डोक्यानं तिथे उभी राहील, आणि मग तिला काहीतरी बोलावं लागेल. तिनं बूट काढला. खिडकीत परत येऊन तिनं दिवा मालवला, म्हणजे आपण बघतोय हे त्याला दिसू नये. पण तो बघतच नव्हता.

पस्तिसाव्या मिनिटाला बस आली आणि तिच्या आड तो दिसेनासा झाला. मग बस निघाली. थांब्यावर कोणी नव्हतं. निवेदिता अंधारात तशीच उभी होती, आणि घर सगळीकडून गरम होतं.